लहरीनाथांचा मुका पेन

बोरी बुद्रुकला मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला होता आणि त्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. टोमॅटो झाडावर पिकून गळायला आले होते, तोडणीच्या बाया बांधावर मालकाची वाट बघत बसल्या होत्या, आणि मालक इथं हात जोडून! लोडशेडिंगनं गावची लाईट गेलेली, पण महाराजांचा जनरेटर देवळामागं धडधडत होता. समोर पांढऱ्या पलंगपोसाचा पडदा. पडद्यापुढं चौरंग. चौरंगावर कलश असावा, मूर्ती असावी, निदान पोथी तरी असावी की नाही? तिथं होता लॅपटॉप. त्याला हळदकुंकू वाहिलेलं आणि वर झेंडूची माळ. शेजारी साक्षात लहरीनाथ महाराज, अंगावर भगवं, गळ्यात रुद्राक्ष आणि कानात मोबाईलचं ते निळं लुकलुकणारं यंत्र.

"भाविक हो!" महाराज माइकवर गरजले. "ध्वनी म्हणजे लहर. लहर म्हणजे शक्ती. पूर्वी ऋषी कानात मंत्र फुंकायचे. अब जमाना बदल गया! आता आम्ही मंत्र चिपमध्ये फुंकतो. सॅटेलाइटवरून सीधा कनेक्शन, थेट कैलास पर्वत! हा पेन नाही, हा सिद्धपेन आहे. ज्याच्या घरात शुद्ध लहर, त्याच्या घरात हा गातो. ज्याच्या घरात दोष, त्याच्या घरात मुका!"

गोष्ट दोन हजार नऊ सालातली. बोटाएवढा पेनड्राइव्ह तेव्हा गावात नवा होता. नारायणगावच्या बाजारात पेन लावायचं भोक असलेले डीव्हीडी प्लेअर स्वस्तात मिळायला लागले होते आणि घरोघरी टीव्हीखाली एकेक जाऊन बसला होता. महाराजांनी उंबऱ्या-उंबऱ्याला प्रसाद म्हणून पेन वाटले. आत आरत्या आणि स्तोत्रं. कुणाच्या घरी लावल्या लावल्या आरती सुरू व्हायची. कुणाच्या घरी काही केल्या आवाज नाही. मग तो घरवाला तोंड पाडून दरबारात यायचा. महाराज तोच पेन लॅपटॉपला लावायला सांगायचे, आणि काय आश्चर्य! पडद्यावर आरत्यांची भलीमोठी यादी उमटायची, कर्ण्यातून टाळ-मृदंग वाजायला लागायचा आणि मांडवभर रोमांच उभे राहायचे.

"पेन बोलतोय," महाराज हलकेच म्हणायचे. "तुझं घर ऐकत नाही, बेटा."

मग शांती करायची. पेन महाराजांच्या मठात ठेवून जायचा, दक्षिणेचं पाकीट पेनाशेजारी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पेन परत न्यायचा, घरी लावायचा, आणि घर आरतीनं भरून जायचं. डोळ्यांदेखत घडत होतं. नाही कशाला म्हणायचं?

"मला एक कळंना राव," देवळाशेजारचा सावळेराम लोकांना विचारायचा. "दोष सगळा द्राक्षबागवाल्यांच्याच घरात कसा? आमच्या वाडीत भागूचं एक खोपट, भिंतीला भोकं, तिथं पेन पहिल्या दिसापासनं गातोय."

"गप ए! पाप लागंल," लोक म्हणायचे. सावळेराम गप्प बसायचा, कारण त्याच्याही घरचा पेन मुका होता. त्याची अर्ध्या एकराची का होईना, बाग होती.

लॅपटॉपपाशी बसायचा गावातल्या बागाईतदार गेणभाऊंचा मुलगा आदेश. नारायणगावच्या जीप स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर आणि मोबाईलचं दुकान. प्रोजेक्टर त्याचा, वायरी त्याच्या. "मी फक्त जोडाजोडी करतो, बाकी महाराजांची कृपा," असं तो सांगायचा. त्याची एक सवय मात्र होती. पेन लावला की आधी खाली मान घालून खटाखट बटणं दाबायचा, आरत्यांची यादी उघडायचा आणि मगच प्रोजेक्टरच्या भिंगावरचं झाकण काढायचा. ते कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. आदेशची बायको हर्षाली बायांमध्ये बसून हे रोज बघायची. तिलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. नवरा देवाच्या कामात आहे, एवढंच तिला दिसायचं, आणि त्याचा तिला अभिमान वाटायचा.

अभिमान! पुढं याच शब्दाची तिला चीड आली.

हर्षाली तळेघरची. भीमाशंकरच्या वाटेवरचं, भात-नाचणीचं गाव. बारावी झाल्यावर घोडेगावला राहून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणूनच तर आदेशला ती पसंत पडली. लग्नानंतर काही महिने ती दुकानातही बसली. दुकानात गल्ल्याच्या वर देवाचा फोटो, आणि देवाच्या बरोबरीनं पाखऱ्याचा. पाखऱ्या म्हणजे गेणभाऊंचा शर्यतीचा बैल. शर्यतीच्या घाटात गाडा असा पळवायचा की पंचक्रोशीतली माणसं आजही त्याचं नाव काढतात. तो गेला तेव्हा गेणभाऊ महिनाभर धड जेवले नाहीत. आदेशनं त्याचं नाव ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत रंगवून घेतलं. एवढंच कशाला, दुकानात गिऱ्हाइकाचा पेन भरून दिला की तो पेनाला नावही पाखऱ्याचं द्यायचा. कॉम्प्युटरला लावला की तेच नाव दिसायचं.

"हे कशाला?" हर्षालीनं एकदा हसून विचारलं होतं.

"पेन कुठं बी गेला तरी कळंल, ह्यो माझ्या हातनं गेलाय," आदेश म्हणाला होता. तिला ते फार आवडलं होतं.

आणि नेमका त्याच आदेशच्या घरात पेन मुका निघाला.

सासू अंजनाबाईंनी पहिल्यांदा पेन लावला तेव्हा टीव्हीवर नुसती निळाई. शांती झाली. पेन परत आला. मुकाच. दुसरी शांती झाली. तरी मुकाच. गावात कुजबुज सुरू झाली. ज्याच्या हातनं सगळ्यांचे पेन गातात, त्याच्याच घरी हे? त्यात द्राक्षबागेवर भुरीचा रोग आला आणि गेणभाऊ विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडले. अंजनाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मुळातली वाईट नव्हती. सुनेला मायेनं वागवलं होतं, तिच्या केसांना स्वतः तेल लावलं होतं. पण भीती एकदा घरात शिरली की माया कोपऱ्यात जाऊन बसते, तसंच झालं.

दरबारात महाराजांनी डोळे मिटले. कानातलं निळं लुकलुकलं.

"या घरात बाहेरून पावलं आली आहेत," ते म्हणाले. "डोंगराकडून. उलटी लहर."

सगळ्या माना हर्षालीकडं वळल्या. तिनं आदेशकडं पाहिलं. आदेश खाली मान घालून वायरीचा गुंता सोडवत होता.

"महाराज, उपाय सांगा," अंजनाबाई पदर पसरून म्हणाल्या.

"परीक्षा करा. पेन तिच्याबरोबर तिच्या माहेरी पाठवा. तिथं गायला, तर ती निर्दोष. तिथंही मुका राहिला, तर..." महाराजांनी उसासा सोडला. "तर तिला तिथंच राहू द्या. दोष तिचा, भोग तिचा. बाकी घर वाचवा."

झालं! एका बोटाएवढ्या पेनानं एका पोरीचा संसार तराजूत घातला आणि मांडवातलं एकही माणूस उठून म्हणालं नाही की बाबा, हा कुठला न्याय?

आदेशनं तिला मोटारसायकलवरून नारायणगावला आणलं. मंचरची जीप भरत होती. समोर त्याचंच दुकान, शटर अर्धं वर. हर्षालीनं पर्समधून पेन काढला.

"अहो, तुमी एकदा दुकानात लावून बघता का? काय बिघाड असंल तर तुमाला कळंल."

आदेशनं पेन हातात घेतला. बोटांत फिरवला. एकदा दुकानाकडं पाहिलं, एकदा जीपकडं. आणि पेन तिच्या हातात परत ठेवला.

"महाराजांच्या पेनाला परीक्षा चालू असताना मी हात लावत न्हाई. दोष लागतो," तो म्हणाला. मग खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाला, "काळजी करू नको. व्हईल सगळं नीट."

जीप सुटली. तिनं मागं वळून बघितलं तेव्हा तो शटर वर करत होता.

मंचरला गाडी बदलून ती घोडेगावला उतरली, कारण तळेघरला तिच्या घरी प्लेअरच नव्हता. जिथं कोर्स केला तो वैजयंतीबाईंचा क्लास अजून तिथंच, धान्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. बाईंकडं मुलांना दाखवायला टीव्ही आणि प्लेअर होता. "बाई, एवढा पेन लावून बघा," एवढंच ती म्हणाली. बाईंनी लावला. पडद्यावर नुसती निळाई. पेन मुका.

हर्षाली तिथंच बाकावर बसली आणि तिला हुंदका आवरेना. "म्हंजे माझ्यातच हाये, बाई. इथं तर माझं सासर बी न्हाई. म्हंजे दोष माझाच."

वैजयंतीबाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, कोर्स केलास ना माझ्याकडं? की फी भरून नुसती पंख्याखाली बसायला येत होतीस? इकडं ये."

त्यांनी पेन कॉम्प्युटरला लावला. आरत्यांची यादी उघडली. मग पेनाच्या चित्रावर उजवं बटण दाबून माहितीची खिडकी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "काय लिहिलंय?"

"फाईल सिस्टीम... एनटीएफएस."

"बरं. आता ऐक. जमिनीचे जुने कागद बघितलेत? मोडीतले?"

"आमच्याकडं हायेत. माझ्या वडलांना वाचता येत न्हाईत."

"कागदावर शब्द मराठीच असतात ना? पण लिपी मोडी. ज्याला फक्त बाळबोध येतं त्याला तो कागद कोराच. पेनाचंही तसंच. आत काय ठेवलंय आणि कुठं ठेवलंय हे लिहायच्या दोन-तीन पद्धती आहेत. त्याला म्हणायचं फाईल सिस्टीम. फॅट बत्तीस ही जुनी, साधी. एनटीएफएस ही दुसरी. कॉम्प्युटरला दोन्ही वाचता येतात. पण हे स्वस्तातले प्लेअर फक्त फॅट वाचतात. एनटीएफएसचा पेन लावला की त्यांना आत काही दिसतच नाही. पेनातही दोष नाही, प्लेअरमध्येही नाही, आणि तुझ्यात तर नाहीच नाही."

हर्षाली डोळे पुसून ऐकत होती. "पण मग असा पेन कंपनीतनंच आला असंल?"

"तीच तर गंमत आहे," बाई म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. "एवढुसे पेन दुकानातून येतात ते फॅटमध्येच. एनटीएफएस मुद्दाम करावा लागतो. कुणीतरी बसून, ठरवून, पेन मुका केलाय. बघ, आता मी बोलता करते."

त्यांनी आरत्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या आणि फॉरमॅटची खिडकी उघडली. वर फाईल सिस्टीमची ओळ, खाली पेनाच्या नावाची. नावाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं होती, मघाशी दोघींच्या नजरेतून सुटलेली.

"पाखऱ्या?" बाईंनी वाचलं. "हे काय नाव?"

हर्षालीनं ती अक्षरं स्वतः वाचली. तिला दुकान आठवलं. ओतूरचा एक माणूस आठवला, पेन प्लेअरवर चालत नाही म्हणून भांडायला आला होता. आदेशनं हसत हसत त्याला चहा पाजला आणि चहा संपायच्या आत पेन नीट करून दिला. म्हणजे त्याला येत होतं. सगळं येत होतं. स्टँडवर त्याच्या हातात पेन होता, दुकान समोर होतं, आणि एका चहाचंही काम नव्हतं. तरी त्यानं तो तिच्या हातात परत ठेवला आणि तिला जीपमध्ये बसवून दिलं.

"आमच्या बैलाचं नाव हाये," ती म्हणाली.

बाईंना समजलं. त्यांनी फॅट निवडलं, आरत्या परत भरल्या, प्लेअरला पेन लावला. मारुतीची आरती खणखणीत वाजली. हर्षालीला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटलं, यापेक्षा माझ्यातच दोष निघाला असता तर बरं झालं असतं.

"मी येऊ तुझ्याबरोबर?" बाईंनी विचारलं.

"नको, बाई. घरातलं हाये. मला एकदा सगळं करून बघू द्या, म्हंजे हात अडखळायचा न्हाई."

बाईंनी तिला पुन्हा पुन्हा करायला लावलं. मुका करायचा, बोलता करायचा. मगच सोडलं. ती तळेघरला गेली. आई चिमाबाईनं नाचणीची भाकरी वाढली आणि एवढंच विचारलं, "तू आलीस, का त्यांनी पाठवलं?" हर्षालीनं मोडलेला घास पुन्हा ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती थेट आदेशच्या दुकानात गेली. पेन काउंटरवर ठेवला.

"तुमाला ठाऊक व्हतं."

आदेशनं दाराकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. तेवढ्यानंच तिला उत्तर मिळालं.

"हर्षे, ऐक. महाराज म्हणले, पेन भरणाऱ्याच्याच घरी पेन वाजला तर लोक शंका घेतील. तवा आधी तुझ्याच घरी मुका दे. म्या म्हणलं, एक शांती झाली की मिटंल. मग ते म्हणले, अजून थांब, लोकांचा विश्वास बसतोय. आणि मग त्यांनी एकदम तुझ्याकडं बोट केलं. मला तरी कुठं ठाऊक व्हतं? आता बोललो तर दुकान जाईल. आबा मला घराबाहेर काढत्याल."

"म्हून मला काढलं?"

आदेश काउंटरवरच्या वायरी आवरायला लागला.

"उद्या दरबार हाये," ती म्हणाली. "तुमी सवताच्या तोंडानं सांगा. चुकलो म्हणा. लोक दोन दिवस बोलतील आणि इसरून जातील. मी तुमचं नाव घेणार न्हाई. पण तुमी सांगा."

"सांगतो," आदेश म्हणाला. "शपथ. सांगतो."

आणि वेडी पोर त्याच्यावर विश्वास ठेवून माहेरी परत गेली!

दुसऱ्या दिवशी मांडव आणखी भरला, कारण परीक्षेचा निकाल होता. गेणभाऊ काठी टेकत पुढं येऊन बसले होते. अंजनाबाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या.

"बोल, बेटी," महाराज म्हणाले. "पेन गायला?"

"गायला, महाराज."

अंजनाबाईंनी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. महाराज मात्र चपापले. त्यांनी आदेशकडं पाहिलं. आदेशनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण महाराज तयारीचे. लगेच दोन्ही हात वर! "जय हो! आमची लहर तळेघरच्या डोंगरापर्यंत पोचली! शक्तीनं दोष जाळला!"

"शक्तीनं न्हाई," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "सावळेरामभाऊ, तुमचा पेन अजून मुका हाये ना? तुमचा टीव्ही आणि प्लेअर जरा देवळाच्या पायरीवर आणता का?"

सावळेराम तर अशा कामाची वाटच बघत होता. टीव्ही आला, प्लेअर आला, जनरेटरची वायर जोडली. पेन लावला. मुका.

"महाराज, दोष घराचा असतो ना?" हर्षालीनं विचारलं. "आता तर प्लेअर मारुतीच्या पायरीवर हाये. मग इथं कुणाचा दोष? मारुतीचा?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज लालबुंद झाले. "ही पोर डोंगरातली विद्या घेऊन आलीय! सावधान!"

"विद्याच हाये. घोडेगावला फी भरून शिकलेय." ती चौरंगापाशी गेली. आदेश लॅपटॉपसमोर बसला होता. ती त्याच्यापुढं उभी राहिली. अजूनही वेळ होती. तिनं त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. त्यानं मान वर केलीच नाही.

"उठा," ती म्हणाली. "मला बसू द्या."

तो उठला. बाजूला झाला.

हर्षालीनं सावळेरामचा पेन लावला. पण आधी प्रोजेक्टरच्या भिंगावरचं झाकण काढलं आणि मगच बटणं दाबायला लागली. तो आजवर झाकून करत होता ते सगळं पलंगपोसाच्या पडद्यावर माणसाच्या उंचीनं दिसायला लागलं.

"बघा. आरत्या आत हायेत. पण त्या अशा लिपीत ठेवल्यात की आपल्या प्लेअरला वाचता येत न्हाई. आपल्याला जुन्या मोडी कागदाचं व्हतं ना, तसं. लॅपटॉपला दोन्ही वाचता येतं, म्हून इथं गातं. आता मी लिपी बदलते. मंत्र म्हणत न्हाई. नीट कान देऊन ऐका, मी एक अक्षर बोलणार न्हाई."

तिनं फॉरमॅटची खिडकी उघडली. पडद्यावर फाईल सिस्टीमची ओळ आली आणि खाली नावाची चौकट. मांडवात बरेच जण नुसतेच बघत होते, त्यांना इंग्रजी कुठलं यायला? पण गेणभाऊ काठीवर जोर देऊन उभे राहिले. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. पण ती अक्षरं, त्याच क्रमानं, ते रोज सकाळी बघत होते.

"ही तर माझ्या ट्रॅक्टरवरची अक्षरं हायेत," ते म्हणाले. "ह्ये तर पाखऱ्याचं नाव हाये!"

मांडवातल्या सगळ्या नजरा आदेशकडं वळल्या. नुसता जनरेटर धडधडत होता.

"आणखी कुणाचा मुका पेन असंल तर आणा," हर्षाली म्हणाली. बागवाल्या भिमाजीनं दिला. पडद्यावर पाखऱ्या. सोमाजीनं दिला. पाखऱ्या. बैल मरून वर्षं झाली आणि गावातल्या सगळ्या मुक्या पेनांत तो उभा होता.

मग तिनं सावळेरामचा पेन बोलता केला आणि पायरीवरच्या प्लेअरला लावला. आरती वाजली. पुन्हा आणला, मुका केला. मुका राहिला. पुन्हा बोलता. पुन्हा वाजला. लोक एकदा पडद्याकडं, एकदा टीव्हीकडं माना वळवत होते, आणि प्रत्येक खेपेला त्यांच्या चेहऱ्यावरची भक्ती जरा उतरत होती आणि राग चढत होता.

"कैलासाला फोन लावा, महाराज," सावळेराम महाराजांच्या कानातल्या यंत्राकडं बोट करून म्हणाला. "जामीन मागा."

महाराज आपल्या जीपकडं सरकायला लागले तशी पोरं धावली. चार हात वर झाले.

"हात लावू नका!" गेणभाऊ ओरडले. "पोलिसाला बोलवा. त्यानं जे केलं ते त्यांच्याम्होरं बोलू द्या."

"आणि आपण काय केलं ते बी आपण बोलू या," हर्षाली म्हणाली. "महाराज काय म्हणले, आपण ऐकलं. एकानं तरी इचारलं का, की यंत्र बंद पडलं तर सुनेचा काय संबंध? मोटर बंद पडली की आपण वायरमनला बोलवतो, बैल लंगडला की डॉक्टरला. मग पेन मुका राहिला तर पेन उघडून का न्हाई बघितला? पुढच्या येळी कुणी चमत्कार दाखवला ना, तर पाया पडायच्या आधी म्हणा, परत करून दाखव. आमच्या देखत, आमच्या हातानं. आणि दोष सांगितला तर इचारा, कशावरनं? एवढंच करा. एवढं केलं तरी कुणाची पोर अशी जीपमध्ये बसून जाणार न्हाई."

बायांमध्ये एकीनं डोळ्याला पदर लावला.

अंजनाबाई आदेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुला ठाऊक व्हतं?"

आदेश रडायला लागला. "आई, चुकलो. मला वाटलं..."

"मी तिच्या डोक्याला तेल लावत व्हते रं," अंजनाबाई म्हणाल्या. "आणि तू मला तिच्यावर सोडलंस."

आदेश हर्षालीकडं वळला. "हर्षे, घरी चल. झालं गेलं. तुझं सगळं खरं निघालं. आता तुला कोण काय बोलणार?"

हर्षालीनं लॅपटॉप मिटला, झेंडूची माळ नीट केली, उगाच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. मग तिनं त्याच्याकडं बघितलं.

"प्लेअर मुका राहिला, कारण त्याला वाचता येत न्हवतं," ती म्हणाली. "तुमाला तर सगळं वाचता येत व्हतं."

ती मांडवाबाहेर निघाली. तिची पिशवी बायांच्या रांगेत राहिली होती. अंजनाबाईंनी ती उचलली, काखेत घेतली आणि सुनेच्या मागून भराभर चालायला लागल्या.

"थांब, पोरी," त्या म्हणाल्या. "एकटी जाऊ नको. तळेघरपातुर मी येते. तुझ्या आईला माझ्या तोंडानं सांगायचंय, दोष कुणाचा व्हता ते."